काळ लिहिणाऱ्या भाषा

१९५७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याने संगणकाकडून एक धून करवून घेतली. धून १७ सेकंदांची, त्यांचे सहकारी न्यूमन गटमन यांनी रचलेली, नाव ‘द सिल्व्हर स्केल’. संगणकाने मात्र त्या क्षणी काहीच वाजवलं नव्हतं. आयबीएम ७०४ हे धूड न्यूयॉर्कला मॅडिसन ॲव्हेन्यूवर होतं. मॅथ्यूज तिथे जाऊन प्रोग्रॅम चालवायचे आणि आकड्यांनी भरलेली चुंबकीय टेप घेऊन न्यू जर्सीतल्या मरे हिलला परतायचे. आकड्यांचं विद्युतदाबात रूपांतर करणारं यंत्र तिथे होतं. टेप त्या यंत्रातून गेली की मग स्पीकरमधून सूर ऐकू यायचे.

त्या प्रोग्रॅमचं नाव ‘म्युझिक वन’. ध्वनीसाठी लिहिलेल्या संगणकीय भाषांचं घराणं तिथून सुरू होतं. या भाषा आणि त्यांच्या भोवतीची साधनं यांचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला हळूहळू पटत गेली. यात आवाज हा तुलनेने सोपा भाग आहे, अवघड आहे तो काळ. आधी काय, नंतर काय, ‘आत्ता’ म्हणजे नक्की कधी, उशीर झाला तर काय करायचं, हे प्रश्न प्रत्येक भाषेने आपापल्या परीने सोडवले. त्यातलं एक उत्तर लखनौच्या एका तबलानवाजाच्या घरातून निघालं आणि आज जगभरच्या लॅपटॉपवर चालतं. तिथवर जायचं तर आधी थोडं यंत्राच्या पोटात शिरावं लागेल.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. तो सेकंदाला हजारो वेळा मोजून आकड्यांत उतरवता येतो आणि त्या आकड्यांवरून पुन्हा उभा करता येतो. एका मोजणीला सॅम्पल म्हणतात. सीडीसाठी ठरलेला वेग सेकंदाला ४४,१०० सॅम्पल. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि जी कंपनसंख्या पकडायची तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं, म्हणून चाळीस हजारांच्या वर जाणं भाग होतं. नेमके ४४,१००च का, याचं कारण व्हिडिओ टेपमध्ये आहे. सुरुवातीला डिजिटल ध्वनी तिच्यावर साठवत. चित्राच्या एका ओळीत ३ सॅम्पल, अशा २४५ ओळी, आणि हे सेकंदाला ६० वेळा. गुणाकार करून पाहा. युरोपातल्या टीव्हीच्या पद्धतीत २९४ ओळी आणि ५० वेळा, तरी उत्तर तेच येतं.

म्हणजे ध्वनीचा प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे सेकंदाला ४४,१०० आकडे तयार करणं. प्रत्येक आकड्याचा हिशेब संगीतकाराने स्वतः करावा, ही अपेक्षा अर्थातच चालण्यासारखी नव्हती. १९६०च्या ‘म्युझिक थ्री’मध्ये मॅथ्यूज यांनी यावर जो तोडगा काढला, तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा विचार वाटतो. त्यांनी लहान लहान ठोकळे केले. एक ठोकळा लहर निर्माण करणारा, एक नको त्या कंपनसंख्या गाळणारा, एक आवाज हळूहळू चढवून उतरवणारा. त्यांना युनिट जनरेटर म्हणतात. एकाचं आउटपुट दुसऱ्याला जोडायचं आणि हवं ते वाद्य बांधायचं. रॉबर्ट मोग यांचा तारांनी जोडायचा सिंथेसायझर १९६४चा. ठोकळे जोडण्याची ही कल्पना प्रोग्रॅमच्या रूपात त्याच्याही चार वर्षं आधी आली होती. आजही ध्वनीची कुठलीही भाषा उघडा, आत हेच ठोकळे दिसतील.

मॅथ्यूज यांनी आणखी एक वाटणी केली. एका फाइलीत वाद्याची व्याख्या आणि दुसऱ्या फाइलीत स्वरांची यादी: हा स्वर अमुक सेकंदाला सुरू, इतका वेळ, इतक्या जोराने. एमआयटीतल्या बॅरी व्हर्को यांनी १९८६मध्ये सी भाषेत लिहिलेल्या ‘सीसाउंड’नेही हीच वाटणी ठेवली. फाइलींची नावंही ऑर्केस्ट्रा आणि स्कोअर अशीच. युरोपीय परंपरेला हे सोयीचं आहे, कारण तिथे रचनाकार कागदावर स्वर लिहितो आणि वादक तो वाजवतो. आपल्या कानाला मात्र इथे पहिली अडचण जाणवते. मींडेत एक स्वर संपून दुसरा कुठे सुरू झाला, हे यादीत कसं लिहायचं? सीसाउंडमध्ये वक्ररेषा देऊन ते साधतं. पण १९८३मध्ये आलेल्या मिडी या मानकाने स्वर म्हणजे ० ते १२७ यांतला एक क्रमांक असं ठरवलं आणि मींड ही वेगळ्या चाकाने करायची गोष्ट झाली. ते चाक फिरवलं की त्या वाहिनीवरचे सगळेच स्वर एकदम सरकतात. प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वळवायची प्रमाणित सोय मिडीत यायला २०१८ साल उजाडलं. साधनाच्या मुळाशी कुणाचं संगीत होतं, हे असं पुढची पस्तीस वर्षं जाणवत राहतं.

व्हर्को यांचं महत्त्वाचं योगदान काळाबद्दलच आहे. त्यांच्या लक्षात आलं की सगळ्याच गोष्टी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची गरज नाही. लहर मोजावी लागते, पण आवाज हळूहळू मंद होणं किंवा कंप देणं ही संथ कामं आहेत. ती प्रत्येक १०० सॅम्पलमागे एकदा, म्हणजे सेकंदाला ४४१ वेळा केली तरी पुरतात. काही गोष्टी तर स्वर सुरू होताना एकदाच. म्हणून सीसाउंडमध्ये चलाच्या नावाचं पहिलं अक्षरच त्याची चाल सांगतं: ‘ए’ असेल तर ध्वनीची, ‘के’ असेल तर नियंत्रणाची, ‘आय’ असेल तर एकदाच. एकाच प्रोग्रॅममध्ये तीन वेगवेगळ्या गतींचे काळ शेजारी नांदतात. संगणक मंद होते तेव्हा ही काटकसर होती. आजही ती वेगवेगळ्या रूपांत शिल्लक आहे.

इथवर संगणकाला घाई नव्हती. एका मिनिटाच्या संगीताला हिशेब करायला तास लागले तरी चालायचं, कारण ऐकणं नंतर होतं. वादक मंचावर बसला आणि संगणकाने त्याच्याबरोबर वाजवायचं ठरलं, तेव्हा सगळं बदललं.

ध्वनिकार्ड प्रोग्रॅमकडे सॅम्पलची मागणी एकेक करून करत नाही. ६४, १२८, २५६ अशा गठ्ठ्यांनी करतं. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ६४चा बफर असेल तर प्रोग्रॅमकडे दर खेपेला जेमतेम १.४५ मिलिसेकंद असतात. पंगतीत वाढप्याने पान रिकामं पडू द्यायचं नसतं, तसं हे आहे. इथलं पान सेकंदाला जवळजवळ सातशे वेळा रिकामं होतं, आणि एकदा जरी वाढायला उशीर झाला तरी सगळ्यांना ‘टक्’ असं ऐकू येतं. बफर मोठा घ्यावा तर वाढप्याला उसंत मिळते, पण तबल्यावर थाप पडल्यापासून आवाज येईपर्यंतचा विलंब वाढतो. १० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की वादकाच्या हाताला ते खुपायला लागतं.

दुसऱ्या कामांत प्रोग्रॅम सरासरीने जलद असला की भागतं. बँकेचं पान शंभरातल्या एका वेळी अर्धा सेकंद उशिरा उघडलं तर कुणाचं बिघडत नाही. ध्वनीत सरासरीला किंमत नाही. इथे सर्वांत वाईट खेप किती वेळ घेईल एवढाच प्रश्न असतो. म्हणून ध्वनीची साधनं बनवणाऱ्यांचे काही कडक नियम आहेत आणि ते नव्या प्रोग्रॅमरला फार जाचक वाटतात. ध्वनी तयार करणाऱ्या धाग्यात, म्हणजे ऑडिओ थ्रेडमध्ये, चालू कामात नवी मेमरी मागायची नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टिम ती कधी देईल याची हमी नाही. डिस्कवरून फाइल वाचायची नाही. कुलूप, म्हणजे लॉक लावून दुसऱ्या धाग्याची वाट पाहायची नाही, कारण कुलूप धरून बसलेला धागा पडद्यावर चित्र काढणारा असेल आणि त्यालाच सिस्टिमने बाजूला बसवलं असेल, तर सर्वांत निकडीचं काम सर्वांत बिनमहत्त्वाच्या कामासाठी खोळंबतं. चूक शोधायला स्क्रीनवर काही छापायचं म्हटलं तरी तेही निषिद्ध. डीबगर या चुका शोधायच्या साधनाने प्रोग्रॅम थांबवून आत डोकावावं तर आवाजच बंद पडतो, आणि जी चूक शोधायची ती कालमर्यादेशीच बांधलेली असल्याने गायब होते. जावा किंवा पायथनसारख्या भाषांत वापरून झालेली मेमरी गोळा करायला यंत्र मध्येच क्षणभर थांबतं. त्या क्षणाचा भरवसा नसल्याने हे काम अजूनही मुख्यतः सी++मध्ये होतं, अलीकडे काही रस्टमध्ये.

यातला एक सापळा मला विशेष उद्बोधक वाटतो. प्रतिध्वनी देणारा प्रोग्रॅम घ्या. गाणं थांबलं, प्रतिध्वनी विरत चालला. प्रत्येक फेरीत आकडा थोडा लहान, आणखी लहान, कानाला केव्हाच शांतता. आत मात्र आकडे शून्य झालेले नसतात. ते इतके सूक्ष्म होतात की प्रोसेसरच्या नेहमीच्या आकड्यांच्या चौकटीत मावत नाहीत. असे आकडे हाताळायला अनेक प्रोसेसर वेगळ्या, खूप संथ वाटेने जातात आणि वेळ कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे गाणं जोरात चालू असताना प्रोग्रॅम सुरळीत, आणि शांततेत त्याची दमछाक. यावर उपाय साधा आहे: इतक्या लहान आकड्यांना सरळ शून्य समज, असं प्रोसेसरला आधीच सांगून ठेवायचं. पण हा उपाय सुचण्यापूर्वी आवाज नसताना आवाज का तुटतो, या कोड्यात किती रात्री गेल्या असतील! चांगली भाषा किंवा चांगलं साधन यासाठीच हवं असतं, की हे ज्ञान एकदा आत भरलं की पुढच्या माणसाने रचनेचा विचार करावा, प्रोसेसरच्या सवयींचा नाही.

पॅरिसमध्ये पिएर बूलेझ यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली इर्काम ही संस्था वादकाबरोबर तत्क्षणी वाजवण्याच्या प्रश्नाची मोठी प्रयोगशाळा ठरली. तिथे मिलर पकेट यांनी १९८०च्या दशकात ‘मॅक्स’ तयार केलं. नाव मॅथ्यूज यांच्या सन्मानार्थ. फिलिप मानूरी यांची ‘प्लूटोन’ ही पियानो आणि संगणकासाठीची १९८८ची रचना त्यावर उभी होती. मॅक्समध्ये ओळी लिहायच्या नाहीत, पडद्यावर चौकोन मांडून रेषांनी जोडायचे. संगीतकारांनी ते उचलून धरलं, कारण मंचामागे तारा जोडायची सवय त्यांना होतीच. मॅक्समधला काळ विलक्षण आहे. एका चौकोनातून दोन रेषा निघाल्या तर आधी कुणाकडे निरोप जाणार? जो पडद्यावर उजवीकडे आहे त्याच्याकडे. चौकोन माउसने थोडा सरकवला की कामाचा क्रम बदलू शकतो. पकेट यांनी १९९६मध्ये ‘प्युअर डेटा’ हे मुक्त, मोफत भावंड काढलं, त्यात जागेवर काही अवलंबून नाही. क्रम हवा तर तो एक खास चौकोन घालून स्पष्ट सांगायचा. माझ्या मते ही दुरुस्ती योग्यच होती. काळासारखी गोष्ट नजरेआड ठरू नये.

जेम्स मॅकार्टनी यांच्या ‘सुपरकोलायडर’ने वेगळी युक्ती काढली. १९९६मध्ये आलेल्या या भाषेची तिसरी आवृत्ती त्यांनी दोन तुकड्यांत विभागली. एक तुकडा ध्वनी तयार करणारा, कडक नियम पाळणारा. दुसरा भाषेचा, ऐसपैस, जिथे मेमरी गोळा करायला थांबलं तरी चालतं. भाषा ध्वनियंत्राला निरोप पाठवते, पण ‘आत्ता वाजव’ असं सहसा म्हणत नाही. निरोपावर थोड्या पुढच्या क्षणाचा शिक्का असतो, आधीपासूनच्या मांडणीत ०.२ सेकंद पुढचा. निरोप वाटेत जरा रेंगाळला तरी वाजण्याची वेळ चुकत नाही. सगळेच निरोप सारख्याच अंतराने पुढे ढकललेले असल्याने लय अभंग राहते.

सॅम ॲरन यांनी केंब्रिजमध्ये शाळकरी मुलांसाठी बनवलेलं ‘सॉनिक पाय’ याच यंत्रावर चालतं. त्यातली एक खुबी शिक्षकांना कळावी अशी आहे. समजा मुलाने लिहिलं: ठोका वाजव, अर्धा सेकंद थांब, पुन्हा ठोका. साध्या भाषेत ठोका तयार करायला ३ मिलिसेकंद लागले आणि मग ५०० मिलिसेकंद थांबलं, तर प्रत्येक फेरी ५०३ची होते. शंभर ठोक्यांनंतर लय अर्ध्या ठोक्याहून अधिक मागे पडते. सॉनिक पायमध्ये ‘थांब’ म्हणजे आत्तापासून अर्धा सेकंद थांबणं नव्हे, मागच्या ठोक्याच्या ठरलेल्या वेळेपासून अर्धा सेकंद. कामात गेलेला वेळ थांबण्यातून वजा होतो. मुलाला यातलं काही माहीत असायची गरज नाही, त्याची लय ढळत नाही एवढं पुरे.

आता गठ्ठ्यांची दुसरी अडचण. १९८३मध्ये केव्हिन कारप्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी छेडलेल्या तारेचा आवाज करण्याची एक अतिशय स्वस्त रीत प्रसिद्ध केली. १०० सॅम्पलची एक रांग घ्या, तिच्यात वाटेल ते आकडे भरा. रांग पुढे सरकवत वाजवा आणि बाहेर पडणारा आकडा त्याच्या शेजाऱ्याशी सरासरी काढून पुन्हा रांगेच्या शेपटीला लावा. सुरुवातीची खरखर क्षणात विरते आणि सुमारे ४४० हर्ट्झचा, तार छेडल्यासारखा सूर निघतो. रांग आखूड केली की सूर चढा. ही तार प्युअर डेटात चौकोन जोडून बांधायला घ्यावी तर तिथला हिशेब ६४ सॅम्पलच्या गठ्ठ्याने होतो, आणि आउटपुट परत इनपुटला जोडताना निदान एका गठ्ठ्याचा विलंब पडतो. म्हणजे रांग ६४हून आखूड होऊ शकत नाही आणि सुमारे ६९० हर्ट्झच्या वरचा सूर त्या तारेतून निघत नाही. गठ्ठा एका सॅम्पलचा करता येतो, पण प्रोसेसरवरचा भार वाढवून.

या भिंतीवर दोन भाषांनी दोन बाजूंनी मात केली. प्रिन्स्टनमध्ये गे वांग आणि पेरी कुक यांनी २००३च्या सुमारास ‘चक’ आणली. तिच्यात ‘आत्ता’ हा एक चल आहे. त्यात तुम्ही काळ मिळवता: अर्धा सेकंद, तीन मिनिटं, नाहीतर एकच सॅम्पल. तुम्ही काळ पुढे नेला नाहीत तर तो जागचा हलत नाही. प्रोग्रॅमची ओळ आणि घड्याळ यांचा संबंध इतका उघडा मी दुसऱ्या कुठल्या भाषेत पाहिलेला नाही. किंमत वेगाची मोजावी लागते. वांग यांनी पुढे २००८मध्ये आयफोनच्या मायक्रोफोनमध्ये फुंकून वाजवायचं ‘ओकारिना’ केलं, त्याच्या आत हीच भाषा होती.

फ्रान्समध्ये लिऑनच्या ग्राम या केंद्रात यान ऑर्लारे आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये ‘फाउस्ट’ सुरू केली. तिचा स्वभाव नेमका उलटा. तिथे ‘आधी हे कर, मग ते कर’ असं लिहितच नाहीत. ध्वनी हे काळाचं एक गणिती फलन मानायचं आणि फलनं पाच क्रियांनी जोडायची: एकामागून एक, शेजारी-शेजारी, एकातून अनेक, अनेकांतून एक, आणि वळून स्वतःकडे. स्वतःकडे वळताना विलंब फक्त एका सॅम्पलचा, त्यामुळे तार चार-दोन ओळींत बसते. कंपाइलर त्यातून वेगवान सी++ काढतो, ब्राउझरसाठी वेबअसेंब्ली काढतो, लहान सर्किट बोर्डासाठीही काढतो. एकच मजकूर फोनवर, मंचावर आणि गिटारच्या पेडलमध्ये चालतो. ज्याला ध्वनीची साधनं बनवायची आहेत त्याने एक भाषा शिकावी म्हटलं तर मी फाउस्टचं नाव घेईन, कारण ती विचार स्वच्छ करते.

स्टुडिओतल्या कामाचं जग निराळं आहे आणि तिथे अडचण काळाची कमी, साच्यांची जास्त आहे. श्टाइनबर्गचं व्हीएसटी, ॲपलचं ऑडिओ युनिट्स, ॲव्हिडचं एएएक्स: प्रत्येकाची प्लगइनची, म्हणजे मोठ्या प्रोग्रॅममध्ये बसवायच्या जोडसाधनाची, घडण वेगळी. ज्युल्स स्टोरर यांची २००४पासूनची ‘जूस’ ही सी++ लायब्ररी एकदा लिहून या सगळ्यांसाठी प्लगइन काढून देते, म्हणून एकटा-दुकटा माणूसही आज विकण्याजोगं प्लगइन बनवू शकतो.

आता लखनौ. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जिम किपेन हे मानववंशशास्त्राचे अभ्यासक तिथे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. फ्रेंच संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल त्यांना जोडले गेले. बेल यांनी ॲपल संगणकावर आधी एक साधी सोय केली, एका कळीला एक बोल, म्हणजे कायदे, अर्थात तबल्यातल्या विस्तार करायच्या रचना, भराभर टिपता यावेत. मग प्रश्न पुढे गेला. कायद्याचे पलटे, म्हणजे त्या रचनेची बदलती रूपं, उस्ताद कोणत्या नियमांनी करतात? ते नियम व्याकरण म्हणून लिहिले तर यंत्र नवे पलटे करेल का? या प्रोग्रॅमचं नाव ‘बोल प्रोसेसर’.

कामाची रीत फार सुंदर होती. यंत्र पलटे करी, ते उस्तादांपुढे ठेवले जात. हा चालेल, हा चालणार नाही, इथे असं हवं, हे ते सांगत आणि त्याप्रमाणे व्याकरण दुरुस्त होई. उलटंही चाले: उस्तादांनी दिलेला पलटा व्याकरणात बसतो का, हे यंत्र तपासे. गुरूला लिहून दाखवता न येणारं ज्ञान त्याच्या हो-नाहीतून वर येत होतं. साधन बनवणाऱ्या आणि ते ज्यांच्यासाठी आहे त्या कलावंताच्या नात्याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

भाषाशास्त्राची साधी व्याकरणं इथे तोकडी पडली. कायद्याचा पहिला भाग भरी, मग तोच भाग खालीचा: रचना तीच, पण ‘धा’चा ‘ता’, डग्ग्याचा घुमारा बंद. आधी आलेला लांबलचक तुकडा लक्षात ठेवून तो बदललेल्या रूपात पुन्हा म्हणणं, हे नेहमीच्या वाक्यव्याकरणाच्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यासाठी बेल यांनी वेगळी चिन्हं योजली: हा मूळ तुकडा, ही त्याची नक्कल, आणि नकलेत अमुक बोलांच्या जागी तमुक. पुढच्या आवृत्तीत महिरपी कंसांत स्वल्पविराम देऊन दोन प्रवाह लिहायची सोय आली. एका बाजूला तीन बोल, दुसऱ्या बाजूला दोन, आणि दोन्ही तेवढ्याच काळात बसले पाहिजेत. कुणाला किती वेळ मिळेल हे यंत्र काढतं. स्वरांची तयार यादी सीसाउंडकडे पाठवायची सोयही बोल प्रोसेसरमध्ये आली.

या बेल यांचं महाराष्ट्राशी जवळचं नातं आहे. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याच्या आपल्या संस्थेतून खेडोपाडीच्या बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९०च्या दशकात बेल त्या कामात आले, ओव्यांचा आणि टिपणांचा डेटाबेस त्यांनी बांधला, शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं. आज तो ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकता येतो.

इंग्लंडमधल्या ॲलेक्स मॅकलीन यांनी हॅस्केल भाषेवर ‘टायडलसायकल्स’ उभारलं, तेव्हा त्याची लेखनपद्धती त्यांनी बोल प्रोसेसरवरून घेतली आणि तसं उघडपणे सांगितलं. टायडलमध्ये सेकंद नाहीत, आवर्तन आहे. अवतरणचिन्हांत चार शब्द लिहा, आवर्तनाचे चार भाग होतात. आठ लिहा, तेच आवर्तन आठात वाटलं जातं. एका शब्दाच्या जागी चौकटी कंसात तीन लिहा, ते तिघे त्या एका मात्रेत मावतात. दुगुन, चौगुन, तिस्र, हे आपल्याकडे मूल हातावर टाळी देत शिकतं, तेच. आतला हिशेब दशांशात नाही, अपूर्णांकात होतो, त्यामुळे एक तृतीयांश हा नेमका एक तृतीयांशच राहतो आणि हजार आवर्तनांनंतरही सम घसरत नाही. २०२२पासून याचीच ‘स्ट्रूडल’ ही आवृत्ती थेट ब्राउझरमध्ये चालते. बर्लिन-लंडनच्या क्लबांत तरुण मुलं मंचावर कोड लिहीत लोकांना नाचवतात, त्या कंसांमागे लखनौची एक खोली आहे, हे आपल्याला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

तरीही टायडलचं आवर्तन यंत्राचं आहे. बैठकीत लय गाण्याबरोबर हळूहळू चढते, गायक मात्रा ताणतो, तबलजी त्याला सांभाळून घेतो. वादकाचं ऐकून त्याच्या लयीने जाणारे प्रोग्रॅम आहेत. १९८४मध्ये व्हर्को आणि रॉजर डॅननबर्ग यांनी स्वतंत्रपणे ते करून दाखवले आणि इर्काममध्ये आर्शिया काँ यांनी ‘अँटेस्कोफो’ ही पूर्ण भाषाच त्यासाठी केली. पण या सगळ्यांच्या हातात आधीपासून लिहिलेला स्कोअर असतो. ख्यालाला तो नाही. काळापुरता त्यात फक्त ताल ठरलेला असतो, म्हणून यंत्राला सम शोधता आली पाहिजे.

बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात झाव्हिए सेरा यांच्या नेतृत्वाखाली २०११मध्ये सुरू झालेल्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पाने हिंदुस्थानी संगीताच्या मुद्रणांवर माणसांकडून सम आणि मात्रांच्या खुणा करून घेतल्या: तीनताल, एकताल, झपताल, रूपक. तेव्हा जुन्या साधनांची गृहीतकं उघडी पडली. विलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदांची असू शकते, आवर्तन मिनिटाच्या घरात जातं. ठोका शोधणारे प्रोग्रॅम लिहिले गेले ते पाश्चात्त्य गाण्यांच्या चालीवर, म्हणून ते मधल्या तिरकिटलाच मात्रा समजून बसतात. रूपकात तर समेवरच खाली. सर्वांत वजनदार आघात म्हणजे आवर्तनाची सुरुवात, असं मानणारा प्रोग्रॅम तिथे प्रत्येक आवर्तनात चुकतो. सम ओळखायला ताल माहीत हवा आणि ताल ओळखायला सम. म्हणून संशोधकांनी दोन्हींचा एकत्र अंदाज बांधणारी, संभाव्यतेवर चालणारी प्रारूपं वापरली.

मुद्रित तुकड्यावर हा हिशेब सावकाश करता येतो. बैठकीत पुढची सम येण्याआधी, १.४५ मिलिसेकंदांच्या खेपा न चुकवता तो करणं हे निराळं काम आहे, आणि ते करणारी भाषा अजून लिहिली जायची आहे. पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत लहानपणापासून तबल्यावर हात बसलेली कितीतरी मुलं-मुली आहेत. त्यांनी हा प्रश्न हाती घ्यावा अशी माझी तीव्र इच्छा आहे. फाउस्ट, प्युअर डेटा, सुपरकोलायडर, चक आणि बोल प्रोसेसर, सगळे मुक्तस्रोत आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. सुरुवात रूपकापासून केलेली बरी.